पैऱ्याचा तराजू

संपादकांचं पत्र आलं ते असं की, आपण कॉलेजच्या कचेरीत उमेदीची सगळी वर्षं घालवलीत, तेव्हा नोकरीतले चार गमतीदार अनुभव दिवाळी अंकासाठी लिहून पाठवावेत. मजकूर टंकलिखित असल्यास उत्तम. गमती आहेत, नाहीत असं नाही. पण सत्तरी उलटलेला माणूस गमती सांगायला बसला की बुडाशी बसलेला गाळच आधी वर येतो. तेव्हा सुरुवातीला जे हसायचं ते हसून घ्या. पुढचा भरवसा मी देत नाही.

मी हेडक्लार्क होतो. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेजवळच्या एका तालुक्याच्या गावात आमचं कॉलेज. गावाचं नाव लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील आणि बाकीच्यांना त्याची गरज नाही. गोष्ट साठ सालानंतरची. सांगली जिल्ह्याला 'दक्षिण सातारा' म्हणायची लोकांची सवय अजून मोडली नव्हती. उसाला पाणी मिळू लागलं होतं, कारखान्यांची बोलणी चालली होती, आणि प्रत्येक तालुक्याला आपलं स्वतःचं कॉलेज हवं होतं. शेजारच्या तालुक्यात झालं म्हणजे आपल्यात व्हायलाच हवं, हे त्यामागचं मुख्य शैक्षणिक धोरण.

कॉलेज काढायचं म्हणजे इमारत बांधून पाटी लावायची, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. पाटी कुणीही लावेल. पण तुमच्या पोरांना परीक्षेला बसवायचं तर विद्यापीठानं तुम्हाला आपलं म्हणायला हवं. त्याला संलग्नता म्हणतात. ती मागायची म्हणजे संस्थेचा ठराव, इमारतीचा नकाशा, प्राध्यापकांची यादी, पुस्तकांची यादी, उपकरणांची यादी, आणि एवढं करून झालं की विद्यापीठाची चौकशी समिती तुमच्या दारात येते. तीन माणसं असतात. सकाळी येतात, खोल्या बघतात, कपाटं उघडतात, पोरांना प्रश्न विचारतात, जेवतात आणि जातात. मग त्यांचा अहवाल जातो. सुरुवातीला एका वर्षाची संलग्नता मिळते. पुढच्या वर्षी पुन्हा समिती, पुन्हा याद्या. अशी काही वर्षं सासुरवास काढला की मग कायम.

हे सगळे कागद माझ्या हातचे. टाइपरायटर आमच्याकडे उशिरा आला, आणि सुरुवातीला त्याची गरजही कुणाला वाटली नाही, कारण माझं अक्षर. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, पण मराठी असो की इंग्रजी, माझं अक्षर बघून विद्यापीठातले कारकून अर्ज वर काढून ठेवायचे. आमचे प्राचार्य म्हणायचे, "भाऊसाहेब, तुमच्या अक्षरात लिहिलं की सगळं खरं वाटतं." मला ते फार आवडायचं.

समितीतले लोक तऱ्हेतऱ्हेचे असत. एका अध्यक्षांना पुस्तकं, प्राध्यापक कशातच रस नव्हता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो विद्यार्थ्यांच्या मुतारीचा. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादा सोबत होते. दादा म्हणजे ऐंशी एकर ऊस, डोक्याला पटका, शिक्षण चौथी, आणि तालुक्यातल्या पोरांनी शिकावं म्हणून जिवाचं रान करणारा माणूस. त्यांनी एक शब्द न बोलता हात लांब करून समोरचा सबंध ऊस दाखवला. अहवालात आलं, 'स्वच्छतागृहाची सोय नाही. तथापि परिसर विस्तीर्ण आहे.' दुसऱ्या एका सभासदांनी ग्रंथालयात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडलं, आणि आत शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजचा शिक्का. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "त्यांनी आम्हाला भेट दिलेलं आहे." ते म्हणाले, वा, नव्या कॉलेजांमध्ये असा स्नेह हवा.

ते पहिलं खोटं. इतकं सहज निघालं की बोलून झाल्यावर मलाच नवल वाटलं.

ते पुस्तक तिथं कसं आलं हे सांगायचं तर पैरा समजावून घ्यावा लागेल. आमच्या भागात लहान शेतकऱ्याकडे एकच बैल असतो. शेजाऱ्याकडेही एकच. मग दोघं मिळून जोडी करतात. आज माझं रान, उद्या तुझं. माणसांचंही तसंच, आज तुम्ही आमच्या भांगलणीला, म्हणजे तण काढायला, या, परवा आम्ही तुमच्या. कागद नाही, पत्र नाही. घेतलेला दिवस फेडायचा, एवढाच नियम. याला पैरा म्हणतात. पहिल्या समितीच्या वेळी ग्रंथालयाची तीन कपाटं रिकामी होती. मी काळजीत पडलो, तेव्हा दादा माझ्यावर हसले.

"आवं भाऊसाब, पेरणीला आमी बैल मागून आणतो. तवा कुणी म्हणतं का, ह्यो बैल तुमचा न्हाई म्हणून पेरू नगा? त्यांच्या कमिटीला आपली पुस्तकं धाडू. पैरा करायचा."

शेजारच्या कॉलेजचे हेडक्लार्क शंकरराव माझे दोस्त. त्यांच्याही डोक्यात हे लगेच शिरलं, कारण तेही शेतकऱ्याच्याच घरचे. पुस्तकं बैलगाडीतून येऊ-जाऊ लागली. एक अर्थशास्त्राचं पुस्तक चार समित्यांपुढे उभं राहिलं. त्या पुस्तकानं माझ्यापेक्षा जास्त प्रवास केला. तुम्हाला पटणार नाही, पण यात फसवणूक आहे असं आमच्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही. अडल्या वेळी एकमेकांच्या शेतात उभं राहायचं, हीच तर आमची रीत. आपण विद्यापीठाशी नव्हे, अडचणीशी लढतो आहोत असं वाटायचं. बैल निदान रान नांगरून मग परत जातो. आमचा बैल नुसता रानात उभा राहून जायचा, हा फरक लक्षात यायला मला वेळ लागला. त्या वेळाची किंमत दुसऱ्यानं दिली.

पुस्तकांपर्यंत सगळं निभावलं. मग दादांनी विज्ञान शाखा काढायची ठरवली. पोरांनी डॉक्टर-इंजिनियर व्हायचं तर सायन्स हवं, आणि त्यासाठी त्यांनी सांगलीला खोली घेऊन का राहावं? विचार चांगलाच होता. पण विज्ञानाला प्रयोगशाळा लागते. टेबलं सुतारानं केली, चंचुपात्रं आणि काचेच्या नळ्या आल्या. अडलं ते रासायनिक तराजूंपाशी. ही फार नाजूक वस्तू. काचेच्या पेटीत असते, दार उघडं राहिलं तर वाऱ्यानंसुद्धा काटा हलतो. वजनं मखमलीच्या खोक्यात असतात आणि ती उचलायची ती चिमट्यानं. बोट लावायचं नाही, कारण बोटाच्या घामानंही वजनात फरक पडतो. शिकणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी सांगतात ते हेच. हे मला पुढं कळलं, आणि ज्या रीतीनं कळलं ते विसरता येत नाही.

तराजूंची मागणी नोंदवली होती, पण माल येईना. मग पैरा. शंकररावांच्या कॉलेजचे सहा तराजू उसाच्या पाचटात गुंडाळून गाडीतून आले, समितीनं पाहिले, आणि एका वर्षाची परवानगी मिळाली, उपकरणं वर्षाच्या आत स्वतःची घ्यावीत या अटीवर. दुसऱ्या दिवशी तराजू परत गेले. वर्ग सुरू झाला. तेहतीस पोरं. तराजूचे प्रयोग आले की प्रयोग शिकवणारे आमचे डेमॉन्स्ट्रेटर फळ्यावर तराजू काढायचे, त्याचे भाग समजावायचे, आणि वजनांचे आकडे सांगायचे. पोरं ते आकडे जर्नलमध्ये लिहायची. तेहतीस जर्नलं सुंदर भरली. त्यातला एकही आकडा कुणी तोलून काढलेला नव्हता.

त्या तेहतिसांत दौलत कांबळे होता. कुंडलच्या पलीकडच्या एका खेड्यातला. वडील मारुतराव पलटणीतून निवृत्त झालेले; छप्पन साली घरच्या सगळ्यांनी बौद्ध धम्म घेतलेला. पोरगा रोज सात मैल सायकल मारत यायचा आणि पहिल्या घंटेच्या आधी हजर असायचा. वर्गात पहिला. त्याला आमच्या कॉलेजात मी आणलं होतं. तो सांगलीला जायचं म्हणत होता, तेव्हा मी स्वतः मारुतरावांना सांगितलं, की तिथं राहायचा त्रास कशाला, इथं सगळं आहे. 'सगळं आहे' हे माझे शब्द.

वर्ष सरत आलं, नवी समिती यायची ठरली. तराजू अजून आलेले नव्हते. पुन्हा पाचट, पुन्हा गाडी. या खेपेला त्या तराजूंच्या पेट्यांवर शंकररावांच्या कॉलेजचं नाव रंगवलेलं होतं. मी जाड कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या, त्यांवर आमच्या कॉलेजचं नाव इंग्रजीत झोकदार लिहिलं, आणि गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्या चिकटवल्या. सगळ्यांत चांगली चिठ्ठी पहिल्या टेबलावरच्या तराजूवर. त्या टेबलाशी कुणाला उभं करायचं यावर बोलणं झालं, तेव्हा दौलतचं नाव मीच सुचवलं. हुशार आहे, इंग्रजी नीट बोलतो, आणि समिती मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या सोयींबद्दल नेहमी विचारते, तेही परस्पर होऊन जाईल. एका दगडात दोन पक्षी मारल्याचं समाधान मला झालं होतं.

शंकररावांच्या कॉलेजच्या डेमॉन्स्ट्रेटरनं येऊन तराजू आधीच लावून, पारड्यात वजनं ठेवून दिली होती. मी दौलतला समोर उभं केलं आणि म्हणालो, "हे बघ, कशाला हात लावू नकोस. नुसता वहीत लिहीत राहा." तो म्हणाला, "बरं." तासभर तो तसाच उभा होता. समिती आधी ग्रंथालयात रमली.

शेवटी ती प्रयोगशाळेत आली. पुढं होते ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक, किडकिडीत, काळ्या काड्यांचा चष्मा. मी दारातून बघतो तर पहिल्या तराजूवर मुंग्या. खळीच्या वासानं टेबलाच्या पायावरून मुंग्यांची रांग निघाली होती आणि पेटीवर चढून चिठ्ठीच्या कडेशी जमली होती. नव्या चिकटवलेल्या चिठ्ठीशिवाय मुंग्या कशाला येतील? दौलतनंही ते बघितलं. त्यानं घाई न करता आपलं जर्नल उचललं आणि तराजूला टेकवून उभं ठेवलं, जणू त्यातलं बघून लिहायचं आहे. मुंग्या झाकल्या गेल्या.

प्राध्यापकांनी जर्नल तिथंच वाकून बघितलं, आकडे बघितले, खूश झाले. त्यांनी विचारलं, "हा तराजू तुम्ही रोज वापरता?"

दौलतनं माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. मी काय केलं असेल? मान हलवली. वरून खाली, एकदाच.

"होय सर," तो म्हणाला.

त्या दिवशी जेवणात बासुंदी होती. दादांनी दौलतच्या पाठीवर थाप मारली आणि आपल्या पंगतीला बसवून घेतलं. चार लोकांच्या भुवया वर गेल्या, पण दादा दादाच होते. मी दुसऱ्या पंगतीत बसलो. ते वाढायच्या सोयीसाठी, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. आमच्या घरी दौलतच्या समाजातल्या माणसाला ओसरीपर्यंतच वाट होती आणि त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नव्हता, हेही इथंच लिहून टाकतो.

दोन महिन्यांनी प्रात्यक्षिक परीक्षा झाली, सांगलीच्या केंद्रावर. कुणी कोणता प्रयोग करायचा हे चिठ्ठ्या उचलून ठरतं. आमच्या बहुतेक पोरांना नळ्या-चंचुपात्रांचे प्रयोग आले, ते त्यांनी निभावले. दौलतला आला तराजू. आणि परीक्षक होते तेच किडकिडीत प्राध्यापक.

पुढचं मला त्यांच्याच पत्रातून कळलं. पत्र प्राचार्यांच्या नावे होतं. लिहिलं होतं की, आपला विद्यार्थी कांबळे यानं वजनं बोटांनी उचलली, पेटीचं दार उघडं ठेवून काटा वाचला, आणि तराजू पहिल्यांदाच बघत असल्यासारखा चाचपडत राहिला. याच विद्यार्थ्यानं समितीपुढं आपण रोज तराजू वापरतो असं सांगितलं होतं. तसं विचारता तो काही बोलला नाही. तरी याचा खुलासा करावा.

प्राचार्यांनी मला बोलावून पत्र पुढं सरकवलं. संलग्नता पुढं चालू ठेवायची की नाही, याचा निर्णय अजून व्हायचा होता. खरं कळलं तर विज्ञान शाखा जाणार, कदाचित सगळंच जाणार. ते म्हणाले, "भाऊसाहेब, काहीतरी उत्तर तयार करा. तुम्हाला सुचेल." आणि खुर्चीत डोकं धरून बसले.

मला सुचलं. दुपारची वेळ होती, कचेरीत कुणी नव्हतं. मी दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, आणि मग एक वाक्य असं उतरलं की सगळं जुळून आलं. मराठीत सांगायचं तर, 'सदर विद्यार्थी प्रात्यक्षिकांना वारंवार गैरहजर राहत असे. समितीपुढं त्यानं दिलेलं उत्तर हे आपली गैरहजेरी झाकण्यासाठी दिलेलं होतं.' कॉलेज सुटलं, प्राचार्य सुटले, तराजूही सुटले. सगळा दोष एका पोराच्या अंगावर बसला, आणि तोही असा चपखल, की त्यानं नाही म्हटलं तरी खोटा ठरावा. नोकरीत इतकं नेमकं वाक्य मी त्याआधी लिहिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, लिहून झाल्यावर मला थोडा अभिमानही वाटला. प्राचार्यांनी पुरतं न वाचता सही केली.

संलग्नता चालू राहिली. दौलत नापास झाला. नापास झालेला विद्यार्थी ऑक्टोबरात पुन्हा बसू शकतो. पण त्यासाठी त्याची वर्षभराची हजेरी पुरी हवी. आमच्याच पत्रामुळं ती अपुरी ठरली. विद्यापीठानं त्याला पुन्हा बसू दिलं नाही. सबंध वर्ष परत करायचं. आणि गैरहजेरीचा शेरा आला म्हणून फीची सरकारी सवलत बंद. एका वाक्यानं एवढं सगळं होईल हे मला ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. ते नियम मला तोंडपाठ होते.

मारुतराव कचेरीत आले. पलटणीतला जुना कोट, नीट बटणं लावलेला. जय भीम म्हणाले, मी नमस्कार म्हणालो. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"आवं भाऊसाहेब, आमचं पोर गैरहजर कवा हुतं? तापात बी सायकल मारत आलंय त्ये. जरा हजेरीपट काढून बघा."

हजेरीपट माझ्या पाठीमागच्या कपाटात होता. त्यात दौलतच्या नावापुढं गैरहजेरीची एकही फुली नव्हती. मी म्हणालो, प्रात्यक्षिकांची हजेरी वेगळी असते, ती इथं नाही. त्यांनी त्या कपाटाकडे एकदा बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "त्यो सांगत हुता, कमिटी आली तवा तुमी त्याला म्हणालासा, कशाला हात लावू नगंस. मी म्हणलं, आता ह्ये आनि काय नवं? आमाला वाटलं हुतं त्ये दिस गेलं."

मी तसं म्हणालो नव्हतो, म्हणजे त्या अर्थानं म्हणालो नव्हतो. तराजू उसने होते म्हणून म्हणालो होतो. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्या माणसाच्या मनातला तो काटा मी एका वाक्यात काढू शकत होतो, आणि मी म्हणालो, "तसं काही नाही मारुतराव, सामान नाजूक असतं." ते मान हलवून निघून गेले. सामान नाजूक असल्यामुळं आपल्या मुलानं त्याला हात लावायचा नसतो, हे त्यांनी फार आधीपासून ऐकलेलं असणार.

दौलत सैन्यात भरती झाल्याचं मला बाजारात कळलं. त्याच महिन्यात आमचे तराजू आले. बारा. पाचटात नव्हे, लाकडी खोक्यांत, आमचे स्वतःचे. दादांनी नारळ फोडला. मी त्यांना बाजूला घेऊन दौलतचं सगळं सांगितलं, पत्रासकट. त्यांनी हातातला फोडलेला नारळ खोक्यावर ठेवला. मग म्हणाले, "भाऊसाब, पैऱ्यात घेतल्याला दिस फेडावा लागतो. ह्या पोराचं वरीस घेतलं आपण. आता त्याला काय देणार?" त्यानंतर आमच्या कॉलेजातून गाडी कुठं गेली नाही आणि आली नाही. दादांनी बंद केलं, मी नव्हे.

सव्वा वर्षानं दौलत कचेरीत उभा. केस बारीक कापलेले, खांदे रुंद झालेले. सुट्टीवर आला होता. पलटणीत पुढच्या एका कोर्ससाठी, कॉलेजात विज्ञान शिकल्याचा दाखला हवा होता. टाइपरायटर तेव्हा आला होता, पण मी त्याचा दाखला हातानंच लिहिला. काहीतरी जास्त द्यावं असं वाटत होतं, आणि माझ्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं. वर्तणुकीपुढं 'अत्युत्तम' लिहिलं. तो माझ्या हाताकडे बघत होता.

"भाऊसाहेब, एक विचारू?"

"विचार की."

"मी पुन्हा बसू द्या म्हणून विद्यापीठात गेलो हुतो, तवा तिथल्या साहेबांनी मला कॉलेजचं एक पत्र दाखवलं. त्यातलं अक्षर तुमचंच हुतं न्हवं?"

मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, त्या दिवशी तासभर तराजूपुढं उभा होतो, हात लावायचा नव्हता, मग करणार काय? समोरची चिठ्ठीच वाचत राहिलो. ते अक्षर कुठंही ओळखीन.

मी लेखणी खाली ठेवली. खरं सांगायला त्याहून चांगली वेळ मला उभ्या जन्मात मिळाली नाही. समोर तो, मध्ये टेबल, तिसरं कुणी नाही. आणि मी म्हणालो, "अक्षर माझं. मजकूर प्राचार्यांचा. कारकून काय, सांगतील ते लिहितो."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते राग असता तर बरं झालं असतं. त्याला हायसं वाटलं. "मला तसंच वाटलं हुतं," तो म्हणाला. "तुमी असं लिवाल, हे मनाला पटंना. वर्षभर त्येच डोक्यात घोळत हुतं. आज सुटलं."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की मग विद्यापीठात तू खरं का नाही सांगितलंस? पत्र हातात होतं, तराजू उसने होते एवढं म्हटलं असतंस तरी चौकशी झाली असती.

"जिना चढेस्तवर सांगणारच हुतो," तो म्हणाला. "पण मागं बत्तीस पोरं हुती. कॉलेज बंद पडलं असतं तर त्यांनी कुठं जायचं? माझं एकट्याचं वरीस गेलं. त्यांची तरी राहिली."

दाखल्यावरची शाई ओली होती. त्यानं कागद कडेला दोन बोटांच्या चिमटीत धरून उचलला, डाग पडू नये म्हणून, आणि उन्हात गेला.

त्या कॉलेजातून पुढं शेकडो पोरं-पोरी विज्ञान शिकून गेली. कुणी मिरजेला डॉक्टर आहेत, कुणी साखर कारखान्यात केमिस्ट. रस्त्यात भेटले की वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, भाऊसाहेब, तुम्ही उभं केलं हे सगळं. मलाही कॉलेजचा अभिमान आहे, नाही कसा म्हणू? पण नमस्कार घेताना प्रत्येक वेळी मला त्या बत्तिसांच्या मागं उभा असलेला तेहतिसावा दिसतो. त्या दिवसानंतर कचेरीचं एकही पत्र मी हातानं लिहिलं नाही. एवढं सुंदर अक्षर असून खटखट कसली करता, असं लोक विचारायचे. सरकारी नियम आहे, असं मी सांगायचो. तसा नियम नव्हता.

मारुतराव त्यानंतर काही वर्षांनी वारले. सामान उसनं होतं, एवढं वाक्य त्यांना सांगायचं राहून गेलं. दौलत सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि हल्ली मिरजेला असतो, असं ऐकून आहे. इथून तासाभराची एसटी. मी दोनदा स्टँडवर गेलो. एकदा तर तिकीटही काढलं होतं, आणि मध्येच उतरून परतीच्या गाडीनं घरी आलो.

संपादकांनी टंकलिखित मजकूर मागितला होता, पण हा मी हातानं लिहून पाठवतो आहे. छापताना अक्षर जाईल, ठाऊक आहे. ते गेलं तरी चालेल, दौलत. अक्षराबद्दल मी तुला खरंच सांगितलं होतं. मजकूर प्राचार्यांचा नव्हता. तो माझा होता.